एक जूनची पोरगी

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. इमिग्रेशनचं काम करणाऱ्या एक वकीलबाई आणि त्यांच्या हाताखाली आम्ही तिघी पॅरालीगल, म्हणजे कागदपत्रं तयार करणाऱ्या मदतनीस. मराठी बोलणारी मी एकटीच. त्यामुळे एडिसन-आयसेलिनमधला कुणी मराठी माणूस ग्रीन कार्डाची फाइल घेऊन आला, की ती माझ्याच टेबलावर यायची.

२००७ सालच्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जुलैचं व्हिसा बुलेटिन आलं आणि आमच्या जिन्यावर रांग लागली. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात बायकापोरंही मोजायची, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच. त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षांची. कंपनीने लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही अशा दाखल्याचा, अर्ज ज्या दिवशी केला, ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं तेव्हा दर महिन्याला बुलेटिनमध्ये एक तक्ता छापायचं. तक्त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे सरकली, की शेवटचा अर्ज, आय-४८५, भरता यायचा. जूनच्या तक्त्यात ईबी-३ मधले, म्हणजे नोकरीवाल्यांच्या तिसऱ्या वर्गातले, भारतीय १ जून २००३ वर अडकले होते. जुलैच्या तक्त्यात अकुशल कामगारांचा रकाना सोडला तर सगळीकडे एकच अक्षर होतं, 'सी'. करंट. सगळ्यांना दार उघडं.

हा अर्ज नुसता दाखल झाला तरी बायकोला काम करता येतं आणि सहा महिन्यांनी नोकरी बदलता येते. मग काय! मेडिकल तपासणीच्या डॉक्टरांकडे पहाटेपासून गर्दी. टीबीची सुई टोचून घेतली की दोन दिवसांनी हात दाखवायला परत जायचं, त्या दोन दिवसांसाठी लोक रडकुंडीला आलेले. एका पोराने तिकीट काढून पुण्यात चार दिवसांत लग्न उरकलं आणि तो बायकोच्या व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीबाहेर उभा राहिला. एका हॉटेलवाल्याने फोनवर विचारलं, पैसे भरून काही होतं का? होतं. तेव्हा कमीत कमी पाच लाख डॉलर गुंतवायचे आणि दहा माणसांना काम द्यायचं, पैसेवाल्यांचा दरवाजा वेगळा आहे. त्याने फोन ठेवला.

या धांदलीत काका-काकू आले. काका कोल्हापूरकडचे, सुतगिरणीतली नोकरी सोडून कॉम्प्युटरकडे वळलेले, १९९९ साली वायटूकेच्या लाटेत अमेरिकेत आलेले. त्यांची प्रायॉरिटी डेट नोव्हेंबर २००३. लेबरचा तो अर्ज तीन वर्षं पडून होता, शेवटी फिलाडेल्फियाच्या बॅकलॉग सेंटरमध्ये, म्हणजे तुंबलेल्या अर्जांच्या कचेरीत, आणि २००७ च्या मार्चमध्ये एकदाचा सुटला. पुढचा टप्पा आय-१४०, कंपनीने आपल्या माणसासाठी करायचा अर्ज. तो कंपनीने १,००० डॉलर जादा भरून प्रीमियममधून केला आणि अकरा दिवसांत मंजुरी आली. काकांनी तेव्हा पेढे आणून दिले होते.

मी फाइल उघडून घरातल्यांच्या जन्मतारखा उतरवून घ्यायला लागले. काका १ जून १९५८. मुलगी १ जून १९८६. लिहिता लिहिता हात थांबला. त्या दिवशी १४ जून होता.

एकवीस पुरी झाली की कायद्याच्या हिशेबात मूल मूल राहत नाही, आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या कायद्याने यात एक सवलत ठेवली आहे: आय-१४० जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. इथे अकरा. हिशेब धरायचा तो १ जुलैचा, म्हणजे पोरगी एकवीस वर्षं एक महिन्याची, त्यातून अकरा दिवस गेले तरी एकवीसच्या पुढेच. तोच अर्ज साध्या मार्गाने केला असता आणि तीन महिने पडून राहिला असता, तर ती वाचली असती. घाईचे हजार डॉलर पोरीच्या मुळावर आले होते. हे त्या दोघांना कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला सुचेना.

सांगितलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. काकू मात्र सहज म्हणाल्या, "एक जून? ती तर शाळेची तारीख."

मी कऱ्हाडची. माझ्या वर्गात निम्मी पोरं एक जूनची होती. गुरुजींनी जूनमध्ये नाव घालताना तारीख विचारायची, घरच्यांनी "आंब्याच्या दिवसांत झाला" असं काहीतरी सांगायचं, आणि गुरुजींनी एक जून टाकून मोकळं व्हायचं. पण या पोरीची तारीख काकूंना पक्की ठाऊक होती: २७ जुलै. आषाढ होता, पंचगंगेला पाणी आलेलं, जयसिंगपूरच्या दवाखान्यात नेता येईना, म्हणून माहेरी सुईणीच्या हातून बाळंतपण झालं. पुढे शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा दोन महिन्यांनी वय कमी पडत होतं. आजोबा आणि हेडमास्तर एकाच तालमीतले. वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तारीख मागे ओढली. शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला, आणि पासपोर्टवरून पुढचं सगळं.

२७ जुलै धरला तर पोरगी अजून वीसची होती.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "या आठवड्यात सगळ्याच आयांना नव्या तारखा आठवणार आहेत," त्या म्हणाल्या. मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. त्यांना हवा होता तो त्या वेळचा कागद. दाखला आज काढलेला चालेल, पण त्यावर 'नोंदणीचा दिनांक' म्हणून जो रकाना असतो, तिथे १९८६ हवं. आज मागे जाऊन केलेल्या नोंदीला किंमत नाही.

पोरीचे मामा ग्रामपंचायतीत गेले. पहिल्या दिवशी ग्रामसेवक बैठकीला गेलेले. दुसऱ्या दिवशी कळलं, जुनी रजिस्टरं पुराच्या पाण्यात भिजली होती, ती पोत्यात बांधून ठेवली आहेत. तिसऱ्या दिवशी मामांनीच पोती सोडली. रात्री जयसिंगपूरच्या सायबर कॅफेतून त्यांनी पान स्कॅन करून पाठवलं. शाई पसरलेली, पण वाचता येत होती. स्त्री, जन्म २७/७/८६, आईचं नाव, बापाचं नाव, नोंद ४/८/८६. बाळाच्या नावाचा रकाना कोरा.

कोऱ्या रकान्यासाठी मग आजीचं प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर, अंगठा उठवून. दुसरं शेजारच्या थोरल्या माणसाचं. मूळ कागद कुरिअरने आले तेव्हा २८ जून उजाडला होता.

वकीलबाईंनी पत्राचा मसुदा मला सांगितला. पासपोर्टवरची तारीख चुकीची आहे, याआधीच्या आमच्या सगळ्या अर्जांत तीच गेली आहे आणि ती का चुकली, हे पहिल्याच परिच्छेदात लिहायचं. मी म्हटलं, शेवटच्या पानावर टाकूया का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प टाइप करायला लागले. आपण होऊन सांगितलं तर तो गोंधळ, त्यांनी शोधून काढला तर तो खोटेपणा. या धंद्यात एवढं मी त्या दिवशी शिकले.

सही करायला पोरगी आली. चार आठवड्यांपूर्वीच मैत्रिणींनी तिचा एकविसावा वाढदिवस साजरा केला होता. सहीसाठी पेन उचलून म्हणाली, "मावशी, म्हणजे मी नक्की केवढी?"

"२७ तारखेपर्यंत वीस," मी म्हटलं.

शुक्रवारी, २९ जूनला, पार्सल नेब्रास्कातल्या लिंकनला रवाना झालं. सोमवारी सकाळी पोचायचं होतं.

सोमवार, २ जुलै. मी ऑफिसात आले तर तिन्ही फोन वाजत होते. बुलेटिन बदललं होतं. इमिग्रेशन खात्याने जुनी प्रकरणं झपाट्याने निकाली काढली, त्यात जवळजवळ ६०,००० नंबर संपले, सबब आता एकही शिल्लक नाही, असा खुलासा होता. सगळे 'सी' पुसले जाऊन 'यू' आला होता. अनव्हेलेबल. येणारे अर्ज परत पाठवले जातील, अशीही सूचना निघाली. पुण्यात लग्न केलेला पोरगा बायकोला घेऊन आदल्याच दिवशी उतरला होता. फोनवर तो हसत होता, ते हसणं काही बरं वाटलं नाही.

काकांना फोन करायचं मी दुपारपर्यंत टाळलं. तेच आले, ऑफिसच्या कपड्यांत. खुर्चीवर न बसता म्हणाले, "ताई, पार्सल पोचलंय का, तेवढंच सांगा." मी ट्रॅकिंग काढलं. पोचलं होतं, सकाळी, सहीनिशी. त्याची प्रत काढून दिली. ती त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवली आणि निघून गेले.

पुढचे पंधरा दिवस कुणालाच काही माहीत नव्हतं. आदल्या वर्षीच्या एका हिंदी सिनेमाने 'गांधीगिरी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसवला होता. कुणीतरी टूम काढली, की १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवायची. काकूंनी मला विचारलं, "झेंडू चालंल का?" खरंच शेकडो गुच्छ वॉशिंग्टनला पोचले. संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांनी ते वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांकडे पाठवत असल्याचं जाहीर केलं. सॅन होजेत मोर्चा निघाला. वकिलांच्या संघटनांनी कोर्टाची तयारी केली. अमेरिकन काँग्रेसमधून पत्रं गेली. यातल्या कशाने काम झालं, ते ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवावं. काकू आजही झेंडूचं नाव घेतात.

मला मात्र २७ तारीख दिसत होती. मी वकीलबाईंना म्हटलं, दुसरा संच पाठवूया का? त्या नाही म्हणाल्या. एकाच माणसाचे दोन अर्ज गेले तर दोन्ही घोळात पडतील.

मंगळवारी, १७ जुलैला, निर्णय फिरला. जुलैचं पहिलं बुलेटिन कायम, १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेणार, आणि तेही जुन्या फीमध्ये. (३० जुलैपासून आय-४८५ ची फी ३२५ वरून ९३० डॉलर होणार होती.) जिना पुन्हा भरला. सप्टेंबरात काकांच्या तिन्ही पावत्या आल्या. मी आधी मिळाल्याची तारीख बघितली. २ जुलै.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण शरदात तक्ता पुन्हा मागे गेला आणि ईबी-३ ची रांग जागच्या जागी उभी राहिली. पोरीचं वय कायद्याने विसावर थांबवलं होतं खरं, पण त्याला एक अट होती: कार्ड हातात पडेपर्यंत तिने लग्न करायचं नाही. केलं तर ती आईबापांच्या अर्जातून बाहेर. काकूंनी २००९ मध्ये एक स्थळ परत पाठवलं, २०११ मध्ये दुसरं. "तुमच्या त्या वीस वर्षांनी माझी पोरगी घोडनवरी झाली," असं त्यांनी मला एका गणपतीत चारचौघांत सुनावलं. मधे खात्याने जन्मतारखेचे आणखी पुरावे मागवले, तेव्हा मामा पुन्हा शाळेत जाऊन प्रवेशाच्या रजिस्टरचा उतारा घेऊन आले. पोरीने पासपोर्टही दुरुस्त करून घेतला. मला ती आता मावशी म्हणण्याऐवजी नावाने हाक मारायला लागली होती. एवढी वर्षं एकाच फाइलवर काढली की असं होतं.

२०१४ चा उन्हाळा सरत असताना काकूंचा फोन आला. "आलं बघा कार्ड. तारीख बरोबर छापलीय, सत्तावीस जुलै." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता तेवढं सांगा, लगीन लगेच केलं तर चालतंय न्हवं?"

"आज संध्याकाळी केलं तरी चालतंय, काकू."

मागून पोरगी ओरडली, "आई, आज नको, माझी मीटिंग आहे."