एका विजयाचा भाव

शनिवार, 18 ऑक्टोबर 2025. धनत्रयोदशी. मिल्वॉकी.

"तुम्ही म्हणजे आमचे ब्रूअर्स आहात," असे साहेब काल दुपारी म्हणाले आणि मी चक्क त्यांचे आभार मानले.

ब्रूअर्स म्हणजे आमच्या शहराचा बेसबॉल संघ. ऑक्टोबर महिन्यात या शहरात याहून मोठी स्तुती नाही, हे मलाही कळते. यंदा 162 सामन्यांत 97 विजय, म्हणजे मोठ्या लीगच्या तीसही संघांत सर्वाधिक. ऑगस्टमध्ये लागोपाठ 14. आणि तेही लॉस एंजेलिसचे डॉजर्स किंवा न्यूयॉर्कचे मेट्स यांच्या वेतनखर्चाच्या जेमतेम एकतृतीयांशावर. साहेबांनी ते पुढे उलगडूनही सांगितले: इतक्या कमी खर्चात इतके काम देणारा माणूस दुसऱ्या कोणत्याही विभागाकडे नाही. पार्किंगपर्यंत मी खुशीत होतो. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लक्षात आले की त्या वाक्यातला "कमी खर्च" म्हणजे मी आहे.

आणि काल रात्री तर उपांत्य मालिकेच्या चौथ्या सामन्यात डॉजर्सकडून त्या ब्रूअर्सचेच पानिपत झाले. डॉजर्सच्या शोहेई ओहतानीने पहिल्या इनिंगमध्ये गोलंदाजी करताना पहिल्या फलंदाजाला चालत पाठवले, म्हणजे चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट दिला, पुढच्या तिघांना ओळीने स्ट्राइकआउट, म्हणजे बाद केले, मग हातात बॅट घेऊन स्वतःच पहिला फलंदाज म्हणून उतरला आणि चेंडू स्टँडमध्ये धाडला. रात्रभरात असे तीन होम रन, शिवाय दहा स्ट्राइकआउट. चार सामन्यांत मिळून आमच्या धावा चार, प्रत्येकी एक. हंगामात याच डॉजर्सना आम्ही सहापैकी सहा वेळा हरवले होते, हे सांगायला आता कोणापुढे जावे? दुसऱ्या सामन्यात आमच्या जॅक्सन चुरिओने अगदी पहिल्याच चेंडूवर होम रन मारला, तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. त्यानंतर डॉजर्सच्या यामामोतोने पूर्ण नऊ इनिंग टाकून आणखी एकही धाव दिली नाही, आणि मी केव्हा खाली बसलो ते मला आठवत नाही.

आज सकाळी अनघा चकल्या तळत असताना मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून हिशेब मांडत बसलो. एका रकान्यात वेतनखर्च, दुसऱ्यात विजय, तिसऱ्यात भागाकार. ब्रूअर्सचा खर्च साधारण 12 कोटी डॉलर, म्हणजे एक विजय सुमारे 12 लाखांना पडला. डॉजर्सनी 93 सामने जिंकले आणि एकेका विजयाला आमच्या जवळजवळ तिप्पट मोजले. मेट्सचा भाव 40 लाखांना टेकतो. ज्वान सोटो या एका खेळाडूला 15 वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी कबूल करून आणि 12 जूनला सर्व संघांत पुढे असूनही ते 83 विजयांवर अडकले. तितकेच विजय मिळवलेला सिनसिनाटी संघ परस्परांतल्या सामन्यांच्या जोरावर पुढच्या फेरीत गेला. हे आकडे पाहताना काही वेळ बरे वाटले. चारचौघांना दाखवण्यासारखा तक्ता झाला होता.

मग तिसऱ्या रकान्याकडे पाहता पाहता काल सिग्नलवर सुरू झालेली ठसठस परत सुरू झाली. विजय स्वस्त पडला म्हणजे कोणाला स्वस्त पडला? माझ्या तिकिटाची किंवा पार्किंगची किंमत त्या भागाकाराने कमी झाल्याचे मला आठवत नाही. स्वस्त पडतो तो मालकाला, आणि पडतो तो नियमांमुळे. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षे तो संघाचाच. त्यातली साधारण पहिली तीन किमान वेतनाच्या आसपास, जे यंदा 7 लाख 60 हजार डॉलर होते, आणि पुढची तीन आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे लवादाच्या पद्धतीत, जिथे पगार वाढतो, पण दुसऱ्या संघाकडे जाऊन आपला भाव विचारण्याची सोय नसते. परवाच्या तिसऱ्या सामन्यात आमच्या जेकब मिझरोव्स्कीने, जो जूनमध्ये प्रथमच मोठ्या लीगमध्ये आला, नऊ स्ट्राइकआउट घेतले आणि तरी पराभव त्याच्या नावावर लागला. त्याचा पगार पुस्तकात शेवटच्या ओळींत असेल. त्याला कोणी स्वस्त म्हटले तर तो आभार मानत असेल का?

सहा वर्षे या शब्दांशी माझेही या देशात जुने नाते आहे, पण तो विषय आज सणाच्या दिवशी नको.

खेळाडूची सहा वर्षे पुरी होत आली की आमच्या संघाची पद्धत ठरलेली आहे. कॉर्बिन बर्न्सने 2021 मध्ये येथे सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार मिळवला; मोकळा होण्याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी 2024 मध्ये, त्याला बाल्टिमोरला दिले. डेव्हिन विल्यम्सला त्याच वर्षअखेरीस यांकीजकडे पाठवले. त्यांच्या बदल्यात आलेले जोई ऑर्टिझ आणि केलेब डर्बिन यंदा आमच्या शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या जागा सांभाळत होते, अर्थात थोडक्या पैशांत. महाग झालेला माणूस द्यायचा, दोन स्वस्त घ्यायचे. बर्न्सला पुढे ॲरिझोनाने सहा वर्षांचे 21 कोटी दिले आणि जूनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, म्हणजे त्याला न ठेवणारे शहाणे ठरले. याचाही मला राग येतो. आणि गंमत पाहा, पहिल्या सामन्यात आम्हाला आठ इनिंगमध्ये एकच हिट देणारा ब्लेक स्नेल आणि तिसऱ्या सामन्यात उतरलेला टायलर ग्लासनाउ, दोघेही काटकसरीसाठी नावाजलेल्या टँपा बे रेज या संघात एके काळी होते. रेजना अजून एकही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकता आलेली नाही. आम्हालाही नाही.

नानांनी एकाच कचेरीत 34 वर्षे काढली. निरोप समारंभात त्यांच्याविषयी काय बोलले गेले, ते मला काल रात्रीपासून सारखे आठवते आहे.

दुपारी तक्ता पुन्हा उघडला आणि भांडायला आणखी काही सापडते का ते पाहू लागलो, तेव्हा मात्र हिशेबच उलटा माझ्या अंगावर आला. ओहतानीच्या 10 वर्षांच्या 70 कोटींपैकी 68 कोटी नंतर द्यायचे ठरले आहेत, त्यामुळे खेळण्याचे म्हणून आज त्याच्या हातात वर्षाला 20 लाखच पडतात. रोख पगार लावला तर काल रात्री आमची धूळधाण करणारा माणूस 80 लाख घेणाऱ्या आमच्या फ्रेडी पेराल्टापेक्षा कितीतरी स्वस्त निघतो. तो रकाना मी कोणत्या तोंडाने मिरवणार होतो? सर्वांत स्वस्त विजय तर आमचे नाहीतच, ते मायामीच्या मार्लिन्सचे आहेत; 79 विजय, प्रत्येकी 9 लाखांच्याही आत. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मेट्सना 4-0 ने हरवून घरी बसवणारेही तेच, आणि दुसऱ्या दिवशी तेही घरीच बसले. कोलोराडो रॉकीजनी साधारण आमच्याइतकाच पैसा खर्च करून 43 सामने जिंकले आणि 119 हरले. एवढा वेळ मी फक्त माझ्यापेक्षा महाग असलेल्यांचीच यादी वाचत होतो.

तक्त्याच्या तळाशी मी माझी एक ओळ घातली. पगाराचा रकाना भरला. विजयांचा रकाना बराच वेळ रिकामा ठेवला, तेव्हा शून्याने भागता येत नाही अशी तक्रार यंत्राने केली.

अनघा चकलीचा घाणा उतरवून आली आणि माझ्या खांद्यावरून तक्ता पाहू लागली. कालचे वाक्य मी तिला शेवटी सांगितले.

"रॉकीज म्हणाले नाहीत ना?" ती म्हणाली. "मग झालं."

संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावला. वारा असल्यामुळे तो बाल्कनीत टिकेना, म्हणून खिडकीच्या आत ठेवला. त्यानंतर पगाराविषयी बोलण्यासाठी सोमवारी अर्धा तास मागणारे पत्र साहेबांना लिहिले. ते अजून मसुद्यात आहे. पहिल्या खर्ड्यात ब्रूअर्सचा उल्लेख होता. तो काढला, कारण सोमवारपर्यंत साहेबांचेही दुःख ताजेच असणार.