पर्थ ते लंडन नॉनस्टॉप, १७ तास २० मिनिटं

जूनमध्ये आईला घेऊन ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून लंडनला गेलो, मधे कुठेही न थांबता. अंतर १४,४९९ किलोमीटर. संध्याकाळी ६:४५ ला निघून पहाटे ५:०५ ला उतरायचं होतं, त्यामुळे तिकीट बघून आईला वाटलं दहा तासांचाच प्रवास आहे, मग घड्याळातला सात तासांचा फरक समजावून सांगितला. लंडनच्या हिवाळ्यात तो आठ तास होतो. तेव्हा पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करू नका, तिकिटावर एकूण वेळ दिलेला असतो तोच धरा. नुसतं अंतर माहीत असेल तर त्याला ८५० ने भागा आणि अर्धा तास वाढवा, लांबच्या फ्लाइटचा हिशोब साधारण जुळतो.

येताना मात्र अंतर तेवढंच असून पाऊण तास कमी लागला, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून ढकलतात. हा फरक किरकोळ वाटतो पण नाहीये, एप्रिल २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळून लांबून जायची वेळ आली तेव्हा क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचं पर्थहून लंडनला जाणारं विमान इंधनासाठी सिंगापूरला थांबायला लागलं आणि परतीचं नॉनस्टॉपच राहिलं. म्हणून तिकीट काढताना 'डायरेक्ट' वाचून खूश होऊ नका, डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर एकच असतो पण विमान मधे उतरू शकतं. 'नॉनस्टॉप' लिहिलंय का ते बघा.

आता आतले तास. निघालो तेव्हा अंधार पडलेला होता आणि आम्ही पश्चिमेकडे, म्हणजे रात्रीच्या सोबतीनेच चाललो होतो, त्यामुळे खिडकीबाहेर जवळपास सगळा वेळ काळोख. समोरच्या स्क्रीनवर हिंदी महासागराचा निळा पट्टा, त्यावर ते छोटं विमान, एक झोप काढून बघितलं तरी पट्टा संपलेलाच नाही. बाराव्या तासाला आईचे पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना. तेव्हापासून दर दीड-दोन तासांनी तिला मागच्या गॅलीपर्यंत (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरापर्यंत) चालवत नेलं, खरं तर हे पहिल्यापासून करायला हवं होतं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर आईलची, म्हणजे मधल्या वाटेलगतची सीट घ्या, डॉक्टरांना विचारून कॉम्प्रेशन सॉक्स (सूज कमी ठेवणारे घट्ट मोजे) घ्या आणि रोजच्या गोळ्या हँडबॅगेतच ठेवा. गोळ्यांच्या वेळा निघतानाच्या घड्याळाने चालू ठेवायच्या की बदलायच्या हेही आधीच विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं आणि तिथे गोंधळलो.

लंडनला पहाटे पाच म्हणजे शरीराला दुपारचे बारा. हॉटेलची खोली दुपारपर्यंत मिळत नाही, आधी मेल करून निदान बॅगा ठेवायची सोय करा. पहिल्या संध्याकाळी काहीही बुक करू नका, पाच वाजता आमचे मध्यरात्रीचे बारा वाजलेले होते, आई खुर्चीतच झोपली. परत पर्थला आल्यावर मात्र झोपेची घडी बसायला जास्त दिवस गेले, तिला पूर्ण आठवडा लागला, तेव्हा रजा टाकताना परतीनंतरचे दोन-तीन दिवसही त्यातच धरा.