तुम्ही विचारलंत म्हणून: ती काळी बिअर कशी लागते?

बर्मिंगहॅमला आमच्याकडे येणारे पाहुणे पबमध्ये माझ्या ग्लासकडे बघून हमखास विचारतात, "एवढी काळी? जड नाही होत? आणि थंडगारही नाही!" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

हिला डार्क माइल्ड म्हणतात. तिच्या रंगावर जाऊ नका. बहुतेक माइल्डमध्ये अल्कोहोल 3 ते 3.6 टक्के, म्हणजे आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या साधारण निम्मं. काळेपणा येतो तो जास्त भाजलेल्या थोड्याशा माल्टमुळे (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमुळे) आणि बऱ्याच ठिकाणी गडद साखरेमुळे. ग्लास खिडकीसमोर धरलात की मध्ये काळी दिसणारी बिअर कडेला डाळिंबी होते.

पहिल्या घोटाला माल्टचा गोडवा लागतो, पण तो जिभेवर चिकटून राहत नाही. मागोमाग जरा करपलेल्या पावाच्या कडेची चव येते, थोडा कोको, कधी मनुका. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा असतो, पण गिळल्यावर जाणवेल न जाणवेल इतकाच. शेवटी तोंड स्वच्छ, कोरडं होतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. एवढ्या कमी अल्कोहोलमध्ये इतकी चव उतरवणं ही मोठी कारागिरी आहे असं मी मनापासून मानतो. दमदार बिअरमध्ये चुका झाकल्या जातात, हिच्यात नाही.

आता थंडपणाचं. ही बिअर जिवंत यीस्टसकट पिंपात भरून पबच्या तळघरात येते आणि तिथेच तिचं आंबणं पूर्ण होतं. पिंपाच्या वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू हळूहळू निघून जातो. मग कडक खुंटी बसवून उरलेला वायू राखतात. गाळ खाली बसला की तळघरातून हातपंपाने ओढून बिअर ग्लासात येते, वरून गॅस मारत नाहीत. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश. म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षाही गार, फक्त फ्रिजमधल्या बाटलीसारखी नाही. याहून थंड केलीत तर माल्टची चवच दबते.

खरी अडचण पुढे आहे. पिंपातून बिअर काढायला सुरुवात झाली की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत बिअर उतरते. नेहमीच्या फर्किन पिंपात 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट मावतात (पाइंट म्हणजे पबमधला मोठा ग्लास, अर्ध्या लिटरहून थोडा जास्त). जिथे दिवसाला चारच लोक माइल्ड मागतात तिथे ती आंबट व्हायला लागते, मग ते चारही सोडून देतात आणि पब ती ठेवायचं बंद करतो. एकेकाळी सगळ्यात जास्त खपणारी ही बिअर 1960च्या दशकात बिटर या जास्त कडवट, फिकट बिअरच्या मागे पडली आणि पुढे बऱ्याच पबमधून दिसेनाशी झाली.

म्हणून माझा आग्रह असतो की माइल्ड प्यायची तर ती रोज खपते तिथेच. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री आहे, खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा जुना मुलूख. भट्टीसमोर घाम गाळून आलेल्या माणसाला तहान भागवणारी बिअर हवी असायची, आणि तिथे माइल्डची सवय अजून टिकून आहे. ब्रायर्ली हिलला बॅथम्स ब्रुअरी आणि तिला लागूनच तिचा द व्हाइन पब, ज्याला सगळे बुल अँड ब्लॅडर म्हणतात. तिथली माइल्ड 3.5 टक्क्यांची. सेजलीच्या बीकन हॉटेलमधली सेरा ह्यूज डार्क रुबी माइल्ड मात्र 6 टक्क्यांची आहे, तिथे जपून. एकोणिसाव्या शतकात माइल्ड अशाच ताकदीच्या असत. पहिल्या महायुद्धात धान्यावर निर्बंध आले, करही वाढले आणि ही बिअर हलकी झाली.

पहिल्यांदा जाल तेव्हा अर्धा पाइंटच मागा. आधी चव बघायला थोडी मागितलीत तरी कुणी नाही म्हणत नाही. आंबट लागली तर शांतपणे परत करा, चांगल्या पबमध्ये बदलून देतात. आणि शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. गाळ लवकर बसावा म्हणून अनेक ठिकाणी माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास अजूनही पिंपात घालतात. काही ब्रुअऱ्या तो वापरत नाहीत. काउंटरवरच्या माणसाला हे बहुतेक वेळा माहीत असतं.