दोन नंबर प्रभागातली ९० मतं

२० डिसेंबर २०२२. राज्यातल्या ७ हजारांवर ग्रामपंचायतींची मतमोजणी एकाच दिवशी. आमच्या तालुक्याची मोजणी गोदामात होती. माझ्याकडे एक टेबल, शेजारी आकडे लिहायला एक सहायक, आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. एका गावाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. बाहेर मात्र गुलालाची पोती सकाळपासून उघडून ठेवलेली.

दुपारी एक गाव आलं. नऊ सदस्यांचं, म्हणजे लोकसंख्या दीड ते तीन हजारांच्या आतलं. तीन प्रभाग, प्रत्येकात तीन जागा, शिवाय थेट सरपंच. म्हणजे एका मतदाराला चार मतं. सरपंचपदाची मतपत्रिका फिकट निळी, सर्वसाधारण जागेची पांढरी, राखीव जागांचे रंग आणखी वेगळे. चौथं मत दिल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. म्हाताऱ्या बायका दोन बटनं दाबून निघाल्या की केंद्राध्यक्षांना ओरडून परत बोलवावं लागतं. पॅनेलवाल्यांची खरी कसरत तर वेगळीच. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे एकाच पॅनेलच्या माणसांना कपबशी, शिट्टी, रोड रोलर असं जे पदरात पडेल ते. मग नमुना मतपत्रिका घेऊन घरोघरी ‘आधी कपबशी, मग शिट्टी’ अशी पाठांतरं चालतात. पाठांतर चुकलं की मत फुटतं, आणि नंतर त्याला गद्दारी म्हणतात.

नियंत्रण यंत्र टेबलावर आलं की आधी पेटीची मोहोर आणि टॅग प्रतिनिधींना दाखवायचा, कागदी मोहोरेचा क्रमांक केंद्राध्यक्षांच्या नोंदीशी ताडायचा, मग एकूण मतं पाहायची. इथंच घोळ होण्याची भीती सगळ्यात जास्त. सकाळच्या अभिरूप मतदानाची, म्हणजे यंत्र तपासायला दिलेली चाचणीची मतं पुसायला केंद्राध्यक्ष विसरला, तर यंत्रातला आकडा नोंदीपेक्षा बरोबर तेवढ्यानं वाढलेला दिसतो. या गावाचं तसं काही नव्हतं. दोन नंबर प्रभागात नोंद ६१८, यंत्रात ६१८. निकालाचं बटन दाबलं, आकडे एकेक करून सरकू लागले.

सदस्यांच्या तिन्ही जागा एकाच पॅनेलनं घेतल्या. त्यातल्या एका जागेचे आकडे असे: ३६४, विरोधात २३९, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ १५. बेरीज बरोबर ६१८. त्याच पॅनेलच्या सरपंचपदाच्या बाईंना त्याच प्रभागात मतं पडली २७४. समोरच्या बाईंना ३३१, नोटाला १३.

जाळीपलीकडचा त्या पॅनेलचा प्रतिनिधी वहीत लिहिता लिहिता थांबला. ‘साहेब, पुन्हा एकदा दाबा.’

दाबलं. तेच आकडे. या निवडणुकांत मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट यंत्र नसतं, मोजायला चिठ्ठ्याच नाहीत. फेरमोजणी म्हणजे तेच बटन पुन्हा, एवढाच त्याचा अर्थ. त्यानं अर्ज दिला नाही. वहीत ३६४ खाली २७४ लिहिले, वजा केले, ९० ला गोल केला आणि शेजाऱ्याला म्हणाला, ‘लेकीला गेली.’

समोरच्या उमेदवार बाई त्या प्रभागातल्या वस्तीची लेक. गावातल्या गावात दिलेली. सासर एक नंबर प्रभागात, माहेर दोनमध्ये. पॅनेलनं दोन नंबरचे तिन्ही सदस्य वस्तीच्या भावकीतले घेतले होते, आणि ते मत जागेवर पडलंही. पण सरपंचाच्या बटनाला वस्तीनं माहेरपण केलं. आईबापाकडची घरं, चुलते, आत्या, शेजारच्या वहिन्या असं धरत गेलं तर ९० हा आकडा फार मोठा नाही.

पूर्ण गावाचा हिशोब असा झाला: बाई एक नंबरमध्ये ३१ नं मागे, तीन नंबरमध्ये १७ नं पुढे, दोनमध्ये ५७ नं पुढे. निवडून आल्या ४३ मतांनी. सदस्य मात्र सहा विरुद्ध तीन, तेही त्यांच्या विरोधात. सरपंच सदस्यांतून निवडला जायचा तेव्हा हे घडणं अवघड होतं. २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. आता उपसरपंचाच्या निवडीपासूनच ओढाताण सुरू.

मला त्या वहीचीच काळजी जास्त वाटली. विधानसभेला दोन-तीन लाख मतांत एक वस्ती हरवून जाते. इथं एक केंद्र म्हणजे एक प्रभाग, प्रभाग म्हणजे दोन आळ्या आणि एक वस्ती. यंत्रं एकत्र मिसळून मोजत नाहीत. मत कुणाचं ते कळत नाही, पण कुठल्या आळीचं ते कळतं, आणि मतदार यादी तर प्रतिनिधीच्या खिशातच असते. घरांपुढे पेनानं टिंबं. गोदामाबाहेर पडेपर्यंत त्यानं दोन फोन केले. पहिल्या फोनवर तो वस्तीच्या पाण्याच्या पाइपलाइनबद्दल बोलत होता.

बाहेर गुलाल उधळला गेला. नऊ सदस्यांच्या गावात तेव्हा सदस्याला खर्चाची मर्यादा २५ हजार होती, सरपंचाला ५० हजार. तिथं उभ्या गाड्यांचं डिझेलच त्याच्या पुढे गेलं असेल. हिशोब ३० दिवसांत द्यावा लागतो आणि तो मर्यादेतच बसतो.

मी यंत्र बंद करून पेटीत ठेवलं, सही केली. शिपायानं पुढच्या गावाचं नाव पुकारलं. तिथं सात सदस्य होते.