बेचाळिसाव्या वर्षी डी. फार्म.

दीड तप औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून लातूर, उदगीर, निलंगा आणि अंबाजोगाई या पट्ट्यात फिरल्यानंतर आता फार्मासिस्ट व्हावे का, हा प्रश्न गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात चर्चेला आहे. ज्या औषधाची मात्रा आणि दुष्परिणाम मी डॉक्टरांपुढे तोंडपाठ सांगतो, तेच औषध मेडिकलच्या काउंटरमागे उभे राहून चिठ्ठीवर रुग्णाच्या हाती देण्याचा अधिकार मला नाही. फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे तो नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे, आणि कायदा असाच असावा असे माझेही मत आहे.

अनुभवाला या व्यवसायात कधीच किंमत नव्हती असे मात्र नाही. याच अधिनियमानुसार फार्मासिस्टांची पहिली नोंदवही तयार झाली, तेव्हा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करून देणाऱ्या कंपाउंडरलाही तीत नाव घालता येत होते. अधिनियम ४ मार्च १९४८ रोजी अंमलात आला त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडे तो नंतरच पोचला. आता ते दार बंद आहे. माझी रसायनशास्त्रातली बी. एस्सी. आणि कंपनीतली सगळी प्रशिक्षणे मिळूनही अभ्यासक्रमातला एक दिवस कमी होत नाही. विज्ञान शाखेची बारावीची गुणपत्रिका पुढे करून पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

डी. फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, दोन वर्षांची आहे. त्यानंतर किमान तीन महिन्यांत पूर्ण करायचे ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषधे देण्यात जायला हवेत. शिवाय २०२२ च्या नियमांनी नोंदणीआधी द्यायची तीन प्रश्नपत्रिकांची निर्गम (एक्झिट) परीक्षा आणली असून तीत ५० टक्के गुण लागतात. अभ्यासाची मला फारशी धास्ती वाटत नाही. औषधशास्त्र आणि औषधोपचारशास्त्र हे माझ्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत, औषधी वनस्पतींचा विषय तेवढा घोकावा लागेल. खरी अडचण हजेरीची आहे. हा अभ्यासक्रम पत्राद्वारे होत नाही आणि तासांना व प्रात्यक्षिकांना ७५ टक्के उपस्थिती सक्तीची आहे, म्हणजे नोकरी सांभाळून शिकण्याचा मार्गच उरत नाही. बी. फार्म.चा विचार मी लवकर सोडला. त्यासाठी सीईटी द्यावी लागते, आणि ज्या लातुरात बारावीची मुले पहाटे अंधारातच क्लासला निघतात तिथे त्यांच्याशी स्पर्धा करून चार वर्षे शिकण्यात मला अर्थ दिसला नाही, कारण दुकानाच्या काउंटरमागे दोन्ही पात्रतांचा अधिकार सारखाच असतो.

माझ्या थोरल्या बंधूंचे म्हणणे वेगळे होते. होलसेलच्या परवान्याला फार्मासिस्ट लागतोच असे नाही, पदवी आणि औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्तीही चालते. मग शाळेत परत कशाला बसायचे, असे ते म्हणाले. मुद्दा बिनतोड होता, परंतु होलसेल म्हणजे भांडवल, उधारी आणि मुदत संपलेल्या मालाची परतफेड यांचा हिशेब, आणि त्यात रुग्णाशी कधी गाठच पडत नाही. भाऊजींनी तर त्याहून सोपी वाट दाखवली: ‘एखाद्या पोराचं सर्टिफिकेट लावा आणि दुकान टाका.’ ही प्रथा आमच्याकडे कोणाला नवी नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्टने प्रत्यक्ष हजर राहावे यासाठी मोहीम झाली आणि विक्रेत्यांनी तिला कडाडून विरोध केला, हे मी त्या काळात दुकानोदुकानी फिरताना पाहिले आहे. भिंतीवरचे प्रमाणपत्र एकाचे आणि गोळ्या देणारा हात दुसऱ्याचा, ही व्यवस्था मला मान्य असती तर प्रश्न केव्हाच सुटला असता.

कारण काउंटरवर काय घडते हे मी इतकी वर्षे ग्राहकांच्या मागे, माझी पाळी येईपर्यंत उभा राहून बघत आलो आहे. मधुमेहाची म्हातारी माणसे एका डॉक्टरांची चिठ्ठी उदगीरची आणि दुसऱ्यांची लातूरची घेऊन येतात. दोन्हींत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारे एकच औषध असते, नावे मात्र दोन कंपन्यांची, आणि दोन्ही गोळ्या घेतल्या तर साखर किती खाली जाईल हे तिथे कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात दिवसभर रानात राबून, पुरेसे पाणी न पिता आलेला मजूर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक मागतो. शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा वेदनाशामकाने मूत्रपिंडावर ताण येतो, ही गोष्ट सांगायला अर्धा मिनिट लागतो. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचे तर वेगळेच आहे. रक्तदाबाची रोजची गोळी चालू असलेला माणूस हंगामाचे पाच-सहा महिने परमुलखात राहतो, एकदम तेवढ्या गोळ्या घेण्याची ऐपत नसते, आणि जुनी रिकामी स्ट्रिप दाखवून तिकडे काय मिळेल याचा भरवसा नसतो. औषधाचे मूळ नाव व मात्रा मराठीत ठळक लिहिलेला एक कागद त्याच्या खिशात असला तरी बरेच काम होईल. परिशिष्ट एच-१ मधल्या, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगाची व सवय लावणारी अशा कडक नियंत्रणाखालच्या औषधांसाठी डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपून ठेवायची असते. ती अनेक ठिकाणी तपासणीच्या आदल्या रात्री भरली जाते, अशी आमच्या धंद्यातली चेष्टा आहे.

पैशाचे गणित उत्साह वाढवणारे नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे, म्हणजे ५० रुपयांना पडलेली स्ट्रिप कर वगळता ५८ रुपयांना विकायची. अशा मालाची रोज ५,००० रुपयांची विक्री झाली तरी महिन्याला सुमारे २० हजार हाती येतात आणि त्यातून भाडे, वीज व मदतनिसाचा पगार वजा होतो. इतर औषधांवर थोडे अधिक सुटते, पण सवलतीची पाटी लावलेले दुकान शेजारी आले की तेही आटते. सोयाबीनला भाव नसला की उधारीची वही जाड होते, ती वेगळीच. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा फ्रिजइतकीच इन्व्हर्टरचीही तरतूद करावी लागते. आजच्या पगाराची बरोबरी दुकान सुरू झाल्यावर निदान तीन-चार वर्षे तरी होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

तरीही मी डी. फार्म.ला जाण्याच्या बाजूने झुकलो आहे. टार्गेटची नोकरी पन्नाशीनंतर फारशी कोणाला टिकवता आल्याचे मी पाहिलेले नाही, आणि बदली नाकारली की काय होते तेही ठाऊक आहे. म्हणून हा निर्णय ऐपत असतानाच घेतलेला बरा. सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्याने दोन वर्षे घर चालेल. तिचे म्हणणे इतकेच आहे, ‘अहो, दुकान लातुरात नको, औशाच्या पुढे एखाद्या मोठ्या गावात टाका, इथे मेडिकलला काय तोटा आहे?’ भविष्य निर्वाह निधी मुलीच्या शिक्षणासाठी राखायचा आणि दुकानासाठी बँकेकडे जायचे, यावर आमचे एकमत झाले आहे. राजीनामा मात्र प्रवेशाच्या यादीत नाव लागल्यावरच द्यायचा, ही तिची अट मी मान्य केली आहे.