शिध्यातून दिलेली शिक्षा

छळछावणी म्हटले की आपल्याला हिटलरची जर्मनी आठवते. पण नागरिकांना गुन्ह्यावाचून लष्करी पहाऱ्यात कोंडण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधी वसाहतींमधील युद्धांत रुळली होती. क्युबातले बंडखोर हाती लागेनात, तेव्हा १८९६ मध्ये स्पॅनिश सेनापती वेलेर याने त्यांना धान्य, आसरा आणि बातम्या पुरवणारी खेडीच ओस पाडली व शेतकऱ्यांना तटबंदीच्या गावांत आणून कोंबले. तिथे उपासमारीने आणि रोगराईने किमान लाखभर माणसे मेली.

दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांनी तोच मार्ग धरला. १९०० मध्ये बोअरांच्या, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या, राजधान्या पडल्या, तरी त्यांचे घोडेस्वार गनिमी काव्याने लढतच राहिले. मग ब्रिटिश सेनापती किचनरच्या फौजांनी शेतघरे जाळण्याचा सपाटा लावला आणि उघड्यावर पडलेल्या बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत डांबले. कुणाला मारण्याचा हेतू नव्हता, केवळ व्यवस्था अपुरी पडली, असा बचाव आजही ऐकू येतो. शिध्याचा हिशेब पाहिला की तो मला पटेनासा होतो. सुरुवातीला शिधा दोन प्रकारचा असे, आणि ज्या घरचा पुरुष अजून रणांगणावर होता त्या घराला मांस दिले जात नसे. हा गैरकारभार नव्हे, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. जानेवारी १९०१ मध्ये इंग्रज समाजसेविका एमिली हॉबहाउस ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोहोचल्या, तेव्हा शिध्यात साबणसुद्धा नव्हता. अशा दाटीत गोवर शिरल्यावर काय होणार? सुमारे २८,००० बोअर दगावले, त्यांतली बहुसंख्य मुले होती.

लंडनमध्ये ओरड झाल्यावर छावण्या मुलकी प्रशासनाकडे गेल्या आणि मृत्युदर झपाट्याने उतरला; म्हणजे तो आधीही उतरवता आला असता. पुढे या कामासाठी हिंदुस्थानातून प्लेग आणि दुष्काळाच्या छावण्यांचा अनुभव असलेले अधिकारीही नेण्यात आले. रँडच्या काळातले पुण्याचे विलगीकरण ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा दुवा खटकल्यावाचून राहणार नाही.

कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे अन्नासाठी राबावे लागे, आणि नोंदलेले मृत्यूच १४,००० हून अधिक आहेत. १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनला उभारलेले स्मारक मात्र केवळ बोअर स्त्रिया आणि मुलांचे आहे.