डिस्क हरते ती मेन्यूमध्ये

तक्रार सरळ होती. तोच सिनेमा टीव्हीच्या ॲपवर लावला की स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरवर ॲटमॉस (डोक्यावरूनही ऐकू येणारा डॉल्बीचा आवाज) झळकतो, डिस्कवरून लावला की नुसतं डॉल्बी डिजिटल. चित्रही ॲपचंच उजवं. ग्राहक नवा ४के डिस्क प्लेअर परत करायच्या बेतात होते. ऐकायला उलटं वाटेल, पण जोडणी पाहिली आणि दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

प्लेअर टीव्हीला, टीव्हीतून एआरसीने (एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज उलटा परत नेणारी वाट) रिसीव्हरला. बसवून पळणारी मंडळी अशीच जोडणी करतात, कारण भिंतीतून एकच केबल ओढावी लागते. डिस्कवरचा ॲटमॉस ट्रूएचडीमध्ये असतो, म्हणजे काहीही न गाळलेला. तो साध्या एआरसीतून जातच नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची रुंद नवी आवृत्ती, लागते. टीव्ही कळवतो की हे मला झेपत नाही, मग प्लेअर ट्रूएचडीच्या जोडीला डिस्कवर असलेला जुना डॉल्बी डिजिटल ट्रॅक मुकाट्याने पाठवतो. त्याची कमाल सेकंदाला ६४० किलोबिट. ॲपचा ॲटमॉस मात्र डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, साधारण ७६८ किलोबिटपर्यंतचा. तो एआरसीतून आरामात जातो. म्हणजे गाळीव आवाजाला वाट मोकळी आणि अस्सल आवाज दारातच अडलेला.

चित्राचीही तीच गत. टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून आला तसाच साध्या मोडवर होता. त्या मोडमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेलं चित्र) पोहोचत नाही, म्हणून प्लेअर स्वतःच एसडीआर, म्हणजे साधं चित्र, करून पाठवत होता. शिवाय प्लेअरच्या मेन्यूत डॉल्बी व्हिजन, म्हणजे डॉल्बीचं एचडीआर, बंद! डॉल्बी व्हिजनचं नाव खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायचं आणि सेटिंग बंद ठेवून यंत्र विकायचं, हे मला आजवर पटलेलं नाही. ॲपला यातलं काहीच लागत नाही. तो टीव्हीच्या आतच असतो, पोर्ट नाही की केबल नाही.

सोपा उपाय म्हणजे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडणं, पण रिसीव्हर २०१४चा. ॲटमॉस उलगडतो, पण एचडीसीपी २.२ (४के चित्राचं कॉपी-संरक्षण) नाही, त्यातून ४के चित्र पुढे सरकलं नसतं, प्लेअर १०८०वर उतरला असता. नशिबाने प्लेअरला दोन एचडीएमआय आउटपुट होते. मुख्य आउटपुट टीव्हीला, फक्त आवाजाचा रिसीव्हरला. मग प्लेअरमध्ये आवाज बिटस्ट्रीमवर (न उलगडता जसाच्या तसा) आणि दुय्यम ऑडिओ बंद. या दुसऱ्या सेटिंगवर बहुतेक जण फसतात: ते चालू असेल तर प्लेअर मेन्यूचे टिकटिक आवाज आणि कॉमेंटरी मिसळण्यासाठी मूळ ट्रॅक उलगडून पुन्हा गाळीव करून पाठवतो. बिटस्ट्रीमऐवजी पीसीएम, म्हणजे प्लेअरमध्येच उलगडलेला आवाज, ठेवला तर आवाज गाळला जात नाही, पण ॲटमॉसमधली उंचीची माहिती गळते. टीव्हीवर त्या एकाच पोर्टचा, एचडीआर घेणारा एन्हान्स्ड मोड चालू केला. हे पोर्टगणिक वेगळं असतं. फ्रेमरेट सिनेमाच्या २४वर.

चित्र आणि आवाज वेगळ्या वाटांनी गेले की आवाज ओठांच्या पुढे पळतो, कारण टीव्हीला चित्रावर प्रक्रिया करायला वेळ लागतो. रिसीव्हरमध्ये ८० मिलिसेकंद उशीर दिल्यावर जुळलं. टीव्ही बदलला की हा आकडाही बदलणार.

एवढ्या सगळ्या चुकीच्या सेटिंगबद्दल पडद्यावर एकही सूचना आली नव्हती, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

मग शेजारी शेजारी तुलना. प्लेअरची माहितीपट्टी डिस्कवर सेकंदाला ५० ते ९० मेगाबिटमध्ये खालीवर होत होती. १०० जीबीच्या डिस्कला १२८पर्यंत मुभा असते. ४के स्ट्रीम सहसा १५ ते २५मध्ये भागवतो. तरी भर उजेडातल्या चेहऱ्यांच्या दृश्यांत, तीन मीटरवरून, फरक सांगता येईना. ग्राहकांना नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. धूर, धुकं, रात्रीचं आभाळ, फिल्मचा दाणा आला की स्ट्रीममध्ये पट्टे आणि चौकोन दिसू लागतात, कारण बिट वाचवायची जागा नेमकी तिथेच असते. आवाजाचा फरक मात्र लगेच कळला. पण रिसीव्हरवर दोन्हींना ‘ॲटमॉस’च, ते वाचून दर्जा ठरवणाऱ्याला काय कळणार?

प्लेअर राहिला. मी सांगितलं ते इतकंच: मालिका ॲपवर बघा, डिस्क फक्त अंधाऱ्या, दाणेदार किंवा दणदणीत आवाजाच्या सिनेमांची घ्या. आणि प्लेअर जपा. ओप्पोने २०१८मध्ये हा धंदा सोडला, सॅमसंगने २०१९मध्ये. पर्याय कमी होत चालले आहेत.

निघताना एक तीन थरांची डिस्क मध्येच अडकली. ड्राइव्हला दोष देण्याआधी डिस्क उलटी करून पाहावी: एका थरात सुमारे ३३ जीबी कोंबलेले असतात, बोटाचा ठसाही पुरतो. मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल नाही. पुढे चालली.